नववी चिठ्ठी

ऊर्मिला शेटे मूळची कऱ्हाडची. वडिलांची भुसार मालाची अडत होती. धान्य मापताना पहिल्या मापाला तिथं कुणी ‘एक’ म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, मग तीन. ही सवय तिनं जर्मनीतही सोडली नाही. गेर्लिंगेनच्या दुकानात बटाटे पिशवीत टाकतानाही तिचे ओठ हलायचे. मुलगा गौरांग जर्मनमध्ये कुरकुरायचा, की लोक बघतायत.

“बघू देत. बटाट्याचे पैसे आपणच देतोय ना?” ती मराठीत म्हणायची.

नवरा हरीश इंजिनियर. त्याच्या नोकरीमागे ती नव्व्याण्णव साली इकडं आली. कऱ्हाडला सात वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं, पण इथं तिकडच्या सर्टिफिकेटाला कुणी विचारेना. शेवटी श्टुटगार्टच्या एका संस्थेत अर्धवेळ काम मिळालं. इथं प्रत्येक सरकारी शाळेला एक समिती असते, मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक मिळून. राज्यभरातल्या अशा समित्यांना नियम समजावून द्यायचे आणि सभा रीतसर पार पाडायला मदत करायची, एवढंच त्या संस्थेचं काम. ऊर्मिला फोन घ्यायची, फाइली लावायची. कुठं वाद असला की मतं मोजायला तिला धाडायचे. “तू कुणाच्याच बाजूची नाहीस, म्हणून तू बरी,” असं साहेबीणबाई म्हणाल्या होत्या. ते तिला लागलं होतं, पण खोटं नव्हतं.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात तिला आल्बच्या डोंगरावरच्या एका खेड्यात पाठवलं. शाळेत मुलं उरली होती एकोणतीस. ती बंद करून मुलांना खाली मोठ्या गावात बसनं पाठवायचा विचार चालला होता. गावच्या कचेरीनं सांगितलं होतं, समितीतल्या आठांपैकी पाच जणांनी ‘शाळा राहावी’ म्हटलं तर आम्ही हात लावणार नाही. उद्यापर्यंत कळवा. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

ती पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, पण धुकं असं, की शाळेची घंटासुद्धा दिसेना. मुख्याध्यापिका फ्राउ आइझेले, म्हणजे आइझेलेबाई, यांनी तिला आत नेलं. भिंतीवर मुलांच्या कोटांच्या खुंट्या होत्या, आणि प्रत्येक खुंटीवर एकेक नाव, सुरेख वळणदार अक्षरात.

“फ्राउ क्लेंकचं अक्षर,” त्या म्हणाल्या. “एक्केचाळीस वर्षं होत्या इथं. मार्चमध्ये वारल्या. यंदा आलेल्या मुलांची नावंही आधीच लिहून ठेवली होती त्यांनी.”

सभा वर्गातच होती. आठ जण बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. ऊर्मिलानं चिठ्ठ्या कापल्या. त्यावर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. तिनं चिठ्ठ्या वाटल्या आणि पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिली. खडूंचा रिकामा डबा टेबलावरून फिरल्याचा आवाज येत होता. मध्येच कुठंतरी पेन्सिल करकरली, पाटीवर करकरावी तशी.

तिनं डबा ओतला आणि मोजायला लागली. लाभ, दोन, तीन. नऊ भरल्या.

पुन्हा मोजल्या. नऊच. पाच हो, चार नाही.

मग ध्यानात आलं. कापताना तिनं आधी ‘लाभ’ म्हटलं होतं आणि धुक्याकडं बघत पुन्हा ‘एक’पासून सुरुवात केली होती. जन्मात न झालेली चूक. वाटता वाटता शेवटची चिठ्ठी रिकाम्या खुर्चीपुढं पडली असणार. चिठ्ठी कशी जास्त झाली ते कळलं. पण ती भरली कुणी?

बाकी आठ चिठ्ठ्यांवर पेनाची शाई होती. ही एक ‘हो’ मात्र पेन्सिलीची. अक्षर सुरेख, वळणदार. भिंतीकडं बघायची तिला गरज नव्हती.

तिला ‘मंजूर’ एवढंच म्हणता आलं असतं. आकडा कुणी विचारला नसता, शाळा राहिली असती. तिनं मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, “माझी चूक झाली. नऊ चिठ्ठ्या निघाल्यात. हे मतदान रद्द. पुन्हा घ्यावं लागेल.”

फ्राउ आइझेलेंनी ती चिठ्ठी पाहिली आणि पालथी घातली. कुणी न सांगता एक पालक उठला आणि टोकाची खुर्ची भिंतीला लावून आला. हा श्वेंक, सुतार. शाळा बंद करा म्हणणाऱ्यांतला सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता.

या वेळी तिनं चिठ्ठ्या एकेकाच्या हातात दिल्या. आठ. डब्यातून निघाल्या त्याही आठच. पाच हो, तीन नाही.

पाचांतली एक पेन्सिलीची होती.

तिनं ती बाकीच्यांच्या मधे सरकवली. आठ दिल्या, आठ आल्या. निकाल सांगितला, चिठ्ठ्या पाकिटात घालून बंद केल्या. पाकीट पिशवीत ठेवलं.

स्टेशनपर्यंत श्वेंकनंच गाडीतून सोडलं. पुढचा रस्ता दोन हातसुद्धा दिसत नव्हता.

“कोऱ्या किती निघाल्या?” त्यानं विचारलं.

“एकही नाही.”

त्यानं गाडी कडेला घेतली. “असं बघा, पहिल्यांदा मी ‘नाही’ लिहिलं होतं. दुसऱ्यांदा हात उचलेना. मी कोरी टाकली, फ्राउ शेटे. माझ्या हातानं घडी घातली.”

ऊर्मिलानं पिशवी छातीशी धरली. म्हणजे हा निकाल खरा नव्हता. “तुम्ही हे लेखी द्या. मग मी सभेच्या इतिवृत्तात नोंदवते आणि मतदान पुन्हा रद्द होतं. सांगाल ते लिहीन. पण खोटं लिहायला नका सांगू.”

वायपर उगीचच काच पुसत होता.

“मी लहानपणी काही लिहायचोच नाही,” श्वेंक म्हणाला. “वही कोरी द्यायचो. मार खायची तयारी ठेवून. फ्राउ क्लेंक कधी रागावल्या नाहीत. पहिलं वाक्य स्वतः लिहून द्यायच्या, पेन्सिलीनं. म्हणायच्या, पटत असेल तर शाईनं गिरव. नाहीतर खोड.”

त्यानं खिशातून पेन काढलं.

“कुठं सही करू?”

“कसली?”

“की आठवं मत माझं. हो.”

तिनं कागद काढून गुडघ्यावर धरला. तो लिहीत असताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. मागच्या सीटवर कुणीतरी हळूच श्वास सोडल्यासारखं झालं होतं.