बघितल्याबिगर ओके न्हाई

"काका, बाबा गेले." माझ्या दोस्ताची, रामकिसनची लेक सुमन फोनवर एवढंच बोलली. मी शहागडच्या फाट्यावर उभा होतो. समोरून ट्रका चालल्याच होत्या... निम्म्यांच्या पाठीवर रामकिसनचा हात फिरलेला.

शाळा आम्हा दोघांनाबी मानवली न्हाई. मी डायवर झालो, तो पेंटर. ट्रकमागं 'हॉर्न' आन् 'प्लीज' तो आदी लिहायचा, मधलं 'ओके' सगळ्यात शेवटी. त्याच्याआदी गाडीखाली शिरून ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, टायर बघायचा. बराबर नसलं तर मधली जागा मोकळी! मालक खवळायचे, "तू पेंटर हायेस का आरटीओ?" हा गुमान ब्रश धुवायला घ्यायचा. जुने डायवर सांगायचे, लढाईच्या टायमाला गाड्या रॉकेलवर चालायच्या, मागं 'ऑन केरोसीन' लिहायचे, त्याचंच ओके झालं. सुमन शाळेत बाई हाय. ती म्हणायची, अमेरिकेतल्या पेपरवाल्यांनी 'ऑल करेक्ट', म्हंजे 'सगळं बरोबर', हे गमतीनं चुकीच्या स्पेलिंगात लिहिलं, त्याची पहिली दोन अक्षरं, ओ आन् के, जगभर पसरली. रामकिसन म्हणायचा, "कुटूनबी येऊ दे. माझ्या हातून निघालं की त्याचा अर्थ एकच... बघितलंय."

जालन्याच्या दवाखान्यात हेच आडवं आलं. डॉक्टर म्हणाले, "उद्या हार्टचं ऑपरेशन करू. ओके?" सुमन ओके, जावई ओके. हा सही करंना. डॉक्टर घड्याळ बघून राह्यले. सुमन रडकुंडीला आल्ती. "काका, तुमचंच ऐकतील ते."

मी खाटंजवळ बसलो. त्यानं माझं मनगट धरलं. "डायवर, तू सांग. ओके म्हणू का?"

हो म्हणणं सोपं होतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघून राह्यले होते. पण ह्या माणसाला मी न बघितलेलं कसं सांगू? "मला त्यातलं काय कळतं? मी ओके म्हणणार न्हाई," मी बोललो. सुमननं माझ्याकडं असं बघितलं की...

रामकिसन हसला. "इतक्या जणांत तूच खरं बोललास." मंग डॉक्टरकडं वळला, "करा ऑपरेशन. पण ओके आत्ता न्हाई. बाहेर आल्यावर, बराबर वाटलं तर म्हणतो."

आला न्हाई तो बाहेर.

सुमन माझ्याशी बोलंना झाल्ती. दहाव्यालाबी तोंड फिरवलं. परवा अचानक फोन आला तिचा. "काका, बीपीची गोळी घेतली का?" हो म्हणणार होतो. "थांब," म्हणालो, उठलो, फळीवरचं पाकीट काढून बघितलं. लई वेळ लागला. तिनं फोन ठेवला न्हाई. बघून होईस्तवर थांबायची त्या घरात सगळ्यांना सवय हाय.