शेजारणीचं वारूळ

धानोऱ्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला आले, तेव्हा मला वाटायचं, बुरशीबद्दल मला कोण काय सांगणार! भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेली मी. रानातली अळंबी कधी तोंडात घातली नव्हती, पण बोलायला सगळ्यांच्या पुढं.

शेजारच्या बाई मोहफुलं, तेंदूपत्ता वेचून संसार चालवायच्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्या मला रानात घेऊन गेल्या आणि आपलं वारूळ दाखवलं. त्यावर पांढऱ्या सात्या, म्हणजे वारुळावरची अळंबी, उगवल्या होत्या. इकडे सात्यांची जागा कोणी कोणाला सांगत नाही. "कोनाले सांगू नोको मॅडम," एवढंच म्हणाल्या. त्या सात्यांचा रस्सा खाल्ला आणि खरं सांगते, मटण विसरले.

गुपित मी पाळलं. पण अतिशहाणपणा नडला. दोन दिवसांनी एकटीच गेले, वारूळ फोडलं आणि आतला भुसभुशीत गोळा डब्यात भरून वर्गात नेला. वाळवी लाकूड चावून असा गोळा रचते. त्यात बुरशीचे धागे वाढतात, रस सोडून लाकूड मऊ करतात, मग वाळवी तेच खाते. सात्या उगवतात त्या याच बुरशीतून. "आपण खाऊन पचवतो, बुरशी आधी पचवते आणि मग शोषून घेते," असं सांगितल्यावर पोरं खूश. मी तर हवेतच!

संध्याकाळी बाई दारात. रडवेल्या झाल्या होत्या.

"वारूळ तूच फोडलं ना? इतकं शिकून असं काऊन केलं? आता तिथी सात्या निंगन का नाई, कोनाले मालूम."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. बाई वर्षभर माझ्याशी नीट बोलत राहिल्या, भाजीही देत राहिल्या, पण रानात चल म्हणाल्या नाहीत. ते फार लागायचं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी हाक मारली, "चाल." त्या मला त्याच वारुळापाशी घेऊन गेल्या. मी पाडलेला खड्डा वाळवीनं मातीनं लिंपून काढला होता आणि कडेला पाच सात्या उभ्या होत्या. मला इतका आनंद झाला की बाईंचा हातच धरला.

"तोडू नोको," त्या म्हणाल्या. "यंदा राहू दे त्याईले."

मला वाटलं, आता परतायचं. पण बाई आणखी आतल्या पायवाटेला वळल्या.

"दुसरं वारूळ दाखोतो तुले. आतापावतर आपल्या पोरीलेच दाखोलं होतं."

मी डोळे पुसत त्यांच्या मागं चालू लागले.