भाऊजींचा गळका शॉवर

माझ्या भाऊजींइतका निष्पक्ष माणूस अख्ख्या अकोल्यात नाही, आणि म्हणूनच त्यांच्या घरातली एकही वस्तू वेळेवर दुरुस्त झालेली नाही. आयुष्यभर वकिली केलेले भाऊजी पंख्याचा किंवा दाराच्या कडीचा प्रश्नही दोन्ही बाजूंनी लढवतात. आधी कारागीर बोलवावा, याच्या बाजूने. मग घोटभर चहा घेऊन तितक्याच हिरिरीने, आपल्याला हात नाहीत का, याच्या बाजूने. निकाल माझ्या ताईचा असे. कुकरच्या शिट्टीचा दोन दिवस चाललेला वाद तिने पोळ्या लाटता लाटता संपवला होता. "नवी आना अन् गप बसा." भाऊजींनी मुकाट्याने नवी आणली.

गेल्या वर्षी ताई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि इकडे शॉवर गळू लागला. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ही गोष्ट गल्लीभर झाली. भाऊजींनी खाली बादली ठेवली आणि रोज संध्याकाळी ताईला फोनवर दोन्ही बाजू ऐकवू लागले. प्लंबर बोलवा, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. हा निकाल मात्र त्यांनी मानला नाही. शॉवर डोळ्यांनी न पाहता निकाल कसा देतेस, ही त्यांची हरकत. शेजाऱ्यांनी पाठवलेल्या प्लंबरला त्यांनी चहा पाजून परत धाडलं. बाळ रांगू लागलं, लेक कामावर जाऊ लागली, ताईचा मुक्काम वाढत गेला. तू ये, एवढं मात्र भाऊजी कधी म्हणाले नाहीत.

मी अमरावतीहून गेलो त्याच्या आदल्या रात्री थेंबाची धार होऊन टाकी रिकामी झाली होती. भाऊजींनी पाना घेतला, शॉवरचा नळ खोलला, वायसर बदलला. गळती थांबली. "झालं," ते म्हणाले. वाईट बातमी सांगावी, तसे.

संध्याकाळी ताईचा फोन आला. भाऊजींनी तो स्पीकरवर ठेवला. लेकीला सुट्टी नाही, अजून काही महिने राहावं लागेल, असं ती सांगत होती. बरोबर आहे, असं भाऊजी म्हणत राहिले. मग तिने शॉवरचं विचारलं.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गळूनच राह्यला."

"काहून? बलावला नाही का अजून कोनाले?"

"तू आल्याशिवाय नाही होत तो."

पलीकडे तिने रडणाऱ्या बाळाला चुचकारलं.

"हात नका लावू मंग तुमी," ताई म्हणाली. "दिवाळीले येतो मी. कशीबी येतो."

फोन ठेवून भाऊजींनी मला विचारलं, यंदा दिवाळी कधी आहे. अधिक महिना आला होता. दिवाळी लांबली होती.