आईच्या जागेची मुदत

मंगळवारी सकाळी साडेसहालाच आरेंड फेरमास स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि बहिणीच्या एका दिवसाचं वेळापत्रक लिहू लागला. नऊ वाजता धक्क्यावर भेट. सव्वानऊला कॉफी. मग बाजार, मग पाण्यातली टॅक्सी, मग नवीन मनोरे, मग जुनी गल्ली. अगदी तळाशी त्यानं लिहिलं, ‘पावणेपाच – आई (वेळ उरल्यास)’. वेळ उरू नये एवढ्याचसाठी वरचं सगळं लिहिलेलं होतं. कारण आई तिथं नव्हतीच.

रॉटरडॅममध्ये मेलेल्या माणसाची जागा मुदतीची असते. वीस वर्षं झाली की दफनभूमीच्या कार्यालयाचं पत्र येतं, वाढवायची का म्हणून. नको म्हटलं किंवा काहीच कळवलं नाही, तर कबरीवर वर्षभर एक छोटी पाटी लावतात. मग दगड निघतो, हाडं आवारातल्याच सामाईक जागेत पुरतात आणि कबर दुसऱ्याला देतात. यात इथं कुणाला वावगं वाटत नाही. आरेंडलाही वाटलं नव्हतं, नकाराच्या कागदावर सही करेपर्यंत.

आता तो सदुसष्ट वर्षांचा होता. एक्केचाळीस वर्षं त्यानं बंदरात कंटेनर बांधले होते, म्हणजे जहाजावर चढून दोन पुरुष उंचीच्या लोखंडी सळया आवळायच्या आणि दुसऱ्या बंदरातून आलेल्या सैल करायच्या. त्या कामानं त्याचा उजवा खांदा कायमचा गेला होता. स्वभाव मात्र कामानं नासवलेला नव्हता, तो मुळातच तसा होता. ज्या गोष्टीचा राग आला ती त्याच दिवशी बोलून टाकायची नाही, ती पोटात ठेवून जोपासायची, ही त्याची रीत. आईला लकवा झाला तेव्हा त्यानं तिला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणलं आणि अकरा वर्षं सांभाळलं. त्यातल्या चौथ्या वर्षी बायको म्हणाली, “तुझा संसार तुझ्या आईशीच चालू दे,” आणि निघून गेली. त्याबद्दलही तो तिला कधी एक शब्द बोलला नाही. अजून राग मात्र आहे.

आणि बहीण? विलेमीन त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी लग्न करून कॅनडाला गेली आणि आईच्या आजारपणाची अकराही वर्षं तिथून पत्रं पाठवत राहिली. पत्रं कसली, तळ्यांची छायाचित्रं. आई गेली तेव्हा चार दिवसांसाठी आली, दफनानंतरच्या कॉफीच्या वेळी केकचा तुकडा हातात धरून म्हणाली, “किती छान पार पडलं सगळं,” आणि परत गेली. ते वाक्य आरेंडच्या घशात अजून अडकलेलं होतं.

म्हणून वीस वर्षांनी कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा त्यानं तिला मेल केला, ‘आईची मुदत संपतेय. काय करायचं?’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘तू तिथं आहेस, तूच ठरव.’ खाली एक तळं. आरेंड तीन दिवस धुमसला. पैशाचा प्रश्न नव्हता. पण अकरा वर्षं आईला कुशीवर वळवलं ते त्यानं, आणि आईच्या मातीचा निर्णयसुद्धा हिनं एका ओळीत त्याच्या गळ्यात मारून मोकळं व्हावं? चौथ्या दिवशी त्यानं नकारावर सही केली. त्यालाच ठरवायचं होतं ना, मग त्यानं ठरवलं. पाचव्या दिवशी ते कृत्य आपलंच वाटेना, पण कागद मागे घ्यायला जायचं तर आपण रागाच्या भरात सही केली हे एका तिऱ्हाईत कारकुनाला सांगावं लागलं असतं. ते त्याला जमणारं नव्हतं. आईला तिथून हलवून आता चार वर्षं झाली होती.

बहिणीची पर्यटकांची बोट सकाळी आठला लागली. चौदा मजले, वर पोहायचा तलाव, आणि त्यातून उतरणारी तीन हजार माणसं. ज्या धक्क्यावर आरेंडच्या बापानं पाठीवर पोती वाहिली, तिथं आता ही मंडळी गळ्यात ओळखपत्रं अडकवून फोटो काढत उभी राहतात. एका दिवसात शहर बघतात आणि संध्याकाळी सहाला निघून जातात. जाताना शहराला गुणही देतात म्हणे, पाचपैकी चार वगैरे.

“आरी!” बहिणीनं लांबून हाक मारली. त्याला आरी म्हणणारी फक्त आई होती. त्यामुळे सुरुवातच बिघडली.

“उशीर झाला तुला,” तो म्हणाला. “नऊ म्हटलं होतं. नऊ वाजून सहा मिनिटं झालीत.”

“पन्नास वर्षांत चौथ्यांदा भेटतोय आपण, आणि तू मिनिटं मोजतोयस?” तिनं इथल्या रीतीप्रमाणे त्याच्या गालांना तीन वेळा गाल लावले. एकाहत्तराव्या वर्षी ती चांगली टुणटुणीत होती, पांढरे बूट, पांढरे दात. “बरं, आधी आईकडे जाऊया. मग दिवसभर मोकळे.”

“आधी कॉफी. ठरलंय तसं.”

“कुणाचं ठरलंय?”

त्यानं कागद दाखवला. तिनं तो वाचला, शेवटच्या ओळीवर जरा थांबली, आणि घडी घालून परत दिला.

कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्किट आलं. बाहेर वारा सुटला होता आणि काचेच्या उंच इमारती सकाळच्या उन्हात चकाकत होत्या. विलेमीननं मान वर करून त्या पाहिल्या. “किती सुधारलंय रे शहर! आपल्या वेळी काय होतं इथं? चिखल आणि दारुडे.”

“दारुड्यांपैकी एक आपला बाप होता.”

“तेच म्हणतेय मी. सुधारलंय.”

“तू गेलीस ना, मग सुधारणारच.”

ती हसली. त्याला तिनं चिडायला हवं होतं, आणि ती चिडत नव्हती. तिची भाषाही त्याला टोचत होती. ती पन्नास वर्षांपूर्वीचं बोलायची, आता कुणाच्या तोंडी नसलेले शब्द, मधेच इंग्रजीची ठिगळं. डोळे मिटले तर पलंगावरून आई पाणी मागतेय असं वाटायचं. म्हणून त्यानं डोळे मिटले नाहीत.

मग आरेंडनं तिला शहरभर फिरवलं. खरं तर फरपटवलं म्हणायला हवं. बाजाराच्या त्या भल्यामोठ्या कमानीखाली, जिथं तो स्वतः वर्षातून एकदाही फिरकत नाही, तो तब्बल तासभर चीज हुंगत उभा राहिला. पाण्यातल्या टॅक्सीनं नदी एकदा ओलांडली आणि उगाचच परत एकदा. तिनं कांदा घातलेला कच्चा हेरिंग मासा शेपटीला धरून खाल्ला आणि म्हणाली, “आईला हा असाच आवडायचा. शेपटीपर्यंत खायची.”

“शेवटची अकरा वर्षं कुस्करून भरवावा लागायचा,” आरेंड म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“तुला कसं माहीत? छायाचित्रात दिसलं का?”

“तूच लिहायचास. दर पत्रात. आज किती वेळा उठलो, आज चादरी किती वेळा बदलल्या. पत्रं नव्हती ती, हजेरीबुकं होती.”

एक वाजता ते बाकावर बसले. आरेंडनं पिशवीतून कागदात गुंडाळलेले पावाचे तुकडे काढले, चीज लावलेले. मोजून चार, चारही स्वतःपुरते.

“माझ्यासाठी?” तिनं विचारलं.

“तू खाणार आहेस असं कळवलं नव्हतंस.”

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि त्यानं चारही तुकडे तिच्यासमोर शांतपणे संपवले. त्यातला एकही घास गोड लागला नाही, पण थांबणं म्हणजे हार मानणं झालं असतं. तिनं समोरच्या गाडीवरून तळलेले बटाटे आणले आणि त्याला विचारलंसुद्धा नाही.

दुपारी जुनी गल्ली. ती गल्ली उरलेली नव्हती. तिच्या जागी विटांची नवी घरं होती, दारात झाडांच्या कुंड्या आणि सायकली. आरेंडनं ठरवल्याप्रमाणे आपलं घर नेमकं कुठं होतं यावर वाद उकरून काढला. ती म्हणाली इथं, तो म्हणाला तिथं. ती बरोबर होती आणि त्याला ते ठाऊक होतं, तरी त्यानं पाऊण तास घालवला.

साडेतीनला ती अचानक थांबली. “आरी, बास. आता आईकडे.”

“अजून तो लाकडी पूल…”

“मला पूल नकोय. मी एका दिवसासाठी समुद्र ओलांडून आले ती कुठलाही पूल बघायला नाही. तू येणार नसशील तर मी एकटी जाते. सातवी रांग, नळाजवळ. मला रस्ता माहीत आहे.”

ट्राम सरळ जाणारी होती, आरेंडनं वळसा घेणारी पकडली. गाडीत दोघं एकमेकांच्या समोर बसले. आता सांगावं, असं त्याला तीनदा वाटलं. तिन्ही वेळा त्याला तो केकचा तुकडा आठवला आणि तोंड उघडेना. बघू दे तिला, कळू दे, तो मनात म्हणाला. पण कळल्यावर ती ज्या नजरेनं त्याच्याकडे बघेल, त्या नजरेला तो भीत होता. कारण ती नजर बरोबर असणार होती.

ते दफनभूमीच्या फाटकातून आत शिरले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. विलेमीन पुढे, तो मागे. सातव्या रांगेत नळाजवळ ती थांबली. तिथं काळाभोर गुळगुळीत दगड होता, त्यावर आंतोनियो लोपेस हे नाव, मिशाळ माणसाचा फोटो आणि आजच कुणीतरी बदललेली फुलं.

आरेंड दहा पावलांवर उभा राहिला आणि वाट पाहू लागला.

“या लोपेसच्या घरचे बरेच येतात वाटतं,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

“विलेमीन, मी…”

“मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“सगळं. दुसरा पत्ता म्हणून तूच माझा दिला होतास ना त्यांना? मला पण पत्र आलं. भावानं नकार दिलाय, तुम्हाला जागा ठेवायची आहे का, तीन महिन्यांत कळवा.” तिनं त्या काळ्या दगडाकडेच बघत सांगितलं. “मी ते खणात ठेवलं.”

आरेंडला आधी अर्थच लागेना. “का?”

“तू फोन करशील म्हणून. एकदा तरी म्हणशील, ‘विलेमीन, मला एकट्याला हे नको, आपण मिळून ठेवूया.’ मी लगेच हो म्हटलं असतं. तू कधीच काही मागत नाहीस आरी, नुसता हिशोब ऐकवतोस. म्हटलं, या खेपेला मागू दे त्याला. तीन महिने वाट पाहिली. मग तारीख उलटून गेली.”

“मग आज सकाळपासून आई-आई काय लावलं होतंस?”

“तू कधी सांगतोस ते बघत होते. नाही सांगितलंस. मला पूल दाखवत होतास.”

त्यानं शिव्या खायची तयारी केली होती. दिवसभर ज्या आरडाओरड्याला तो घाबरत होता, तोच आता त्याला हवा होता. ती ओरडली असती तर निदान आईच्या दोन मुलांपैकी एक तरी चांगलं निघालं असतं. जन्मभर त्याला वाटत आलं की ते चांगलं मूल आपण. सही केल्यापासून त्याला धास्ती होती की ते ती असेल. आता कळलं की आईला तसं मूल झालंच नव्हतं.

“कुठं ठेवलंय तिला आता?” विलेमीननं विचारलं.

“विचारलं नाही मी.”

“मी पण नाही.”

दोघं घाईघाईनं कार्यालयाकडे गेले. दारावर वेळेची पाटी होती, नऊ ते चार. आत अंधार. नळाची रबरी नळी गुंडाळत असलेल्या माळ्याला तिनं गाठलं.

“ते तिकडे, हिरव्या कुंपणापलीकडे,” माळी म्हणाला. “तीन चौकोन आहेत हिरवळीचे. कुणाला कुठं ठेवलं त्याची यादी आत असते. तुम्ही वीस मिनिटं आधी यायला हवं होतं बाई.”

“माझी बोट सहाला सुटते.”

“मग उद्या भावाला पाठवा की. इथंच राहतात ना ते?” माळ्याला काय ठाऊक.

कुंपणापलीकडे गवताचे तीन चौकोन होते, नीट कापलेले, एकावरही नाव नाही. विलेमीन एकासमोर जाऊन उभी राहिली. आरेंड तिच्या शेजारी गेला असता, पण तसं केलं तर तिनं निवडलेला चौकोन मान्य केल्यासारखं झालं असतं. तो दुसऱ्यासमोर उभा राहिला. पाच मिनिटं दोघं तसेच उभे होते, मधे तिसरं गवत. कुणीच रडलं नाही. मग तिनं घड्याळ पाहिलं.

धक्क्यावर निरोप घेताना तिनं गाल पुढे केला नाही. “उद्या नऊला जाशील?” एवढंच तिनं विचारलं.

“बघतो.”

“बघ,” ती म्हणाली आणि त्या तीन हजारांत मिसळून गेली.

बुधवारी नऊला पाच कमी असताना आरेंड कार्यालयाच्या दाराशी उभा होता. कारकून बाईनं यादी काढली, बोट ठेवलं आणि एका चिठ्ठीवर चौकोनाचा क्रमांक लिहून दिला. तो तिथं गेला आणि पहिल्यांदाच आईसमोर बराच वेळ उभा राहिला. घरी येऊन त्यानं मेल उघडला, बहिणीचं नाव टाकलं आणि थांबला. तिला हवं असेल तर तिनं विचारावं. एक ओळ लिहायला काय लागतं, इतकी तळी पाठवते ती.

या गोष्टीला आता सात महिने झाले. तिकडे विलेमीनही रोज सकाळी मेल उघडून बघते की आरीनं काही कळवलंय का. तिनं अजून विचारलेलं नाही, आणि त्यानं अजून सांगितलेलं नाही.