दानव्वाला भाकरी येत नाही

हे मी निंदा म्हणून सांगत नाही. तालिकोटीत आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. जिच्या नावाची ज्वारीची कडक भाकरी पाकिटातून पार हुबळी-बेंगळुरूपर्यंत जाते, त्या दानव्वाला स्वतःला भाकरी थापता येत नाही. तेव्हा येत नव्हती, आज येत नाही, आणि आता तिच्या वयाकडे बघता कधी येईल असं वाटतही नाही.

मी ईरण्णा, तिच्या समोरचा गिरणीवाला. तिची ज्वारी मीच दळतो आणि तिची बोलणीही मीच खातो. "ईरण्णा, पीठ दळलंयस की रवा काढलायस?" हे ऐकल्याशिवाय माझी सकाळ होत नाही. पिठाला जरा विरी, म्हणजे चिकटपणा, कमी असला तर पोतं परत माझ्या दारात. भाकरीबद्दल इतकं तोंड वाजवणाऱ्या बाईला भाकरी येत नाही म्हटलं की बाहेरची माणसं मलाच वेड्यात काढतात. काढू देत.

तिचं लग्न झालं तेच मुळी फसवणुकीनं. आमच्याकडे तेव्हा मुलगी बघायला गेले की तोंड नंतर बघायचे. आधी पाहुणे सोप्यात बसायचे आणि आत भाकऱ्या थापल्याचा आवाज ऐकायचे. थप थप थप, एका लयीत आवाज आला की म्हातारी माणसं माना डोलवायची, हात चांगला आहे म्हणायची आणि तिथंच बोलणी पक्की व्हायची. दानव्वाच्या सासूनं, चन्नव्वानं, असाच आवाज ऐकला आणि ती भुलली. आवाज होता दानव्वाच्या थोरल्या बहिणीचा, पार्वतव्वाचा. दानव्वा दाराआड उभी राहून नुसत्या बांगड्या वाजवत होती. वाहवा दानव्वाची झाली. पार्वतव्वा धुरातच बसून राहिली, तिला बाहेर कुणी बोलावलंसुद्धा नाही. ही गोष्ट दानव्वा हसत हसत सांगते, पण बहिणीपाशी आली की गप्प होते.

सासरी पहिल्याच दिवशी बिंग फुटलं. चन्नव्वानं ताटातली भाकरी उचलून ताटावर आपटली.

"हे काय गं? भाकरी आहे की बैलाच्या खुराची नाल?"

"भाकरी आहे अत्ती. जरा जाड झालीय."

"जरा? अगं, हिच्यावर घर बांधतील!"

मग ती भाकरी म्हशीपुढे टाकली. म्हशीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या म्हशीचा तो नखरा गल्लीत कितीतरी दिवस पुरला.

पण सुनेला माहेरी धाडायची चन्नव्वाची छाती झाली नाही, कारण सुनेच्या तोंडात साखर होती. वांगी आणायला बाजारात गेली की वांग्यांवर कोथिंबीर फुकट घेऊन यायची आणि वांगीवालीच्या घरातली सगळी बातमीही. घरी भाकरी तर हवीच. तेव्हा दानव्वा मागच्या दारानं शेजारच्या काशव्वाकडे गेली. काशव्वाची भाकरी म्हणजे काय सांगू! पलीकडचा दिवा दिसावा इतकी पातळ. पण घरात दोन लहान पोरं, नवरा ऊसतोडीला गेला की सहा-सहा महिने पत्ता नाही, बिचारीला बाजाराला जायलाही फुरसत नाही.

"काशक्का, तू आमच्या भाकऱ्या थाप. तुझी पोरं मी बघते, तुझा बाजार मी करते."

तिथून सुरुवात झाली. माझ्या गिरणीच्या माडीवर दोन-तीन मास्तर भाड्यानं राहायचे, त्यांनी विचारलं, आम्हालाही मिळतील का? मग बसवाले ड्रायव्हर-कंडक्टर विचारू लागले. आणि गल्लीत बोंब उठली, की घरची बाई अन्न विकते म्हणून. त्या वेळी आमच्याकडे भाकरी विकणं म्हणजे अब्रू विकणं. बोअरच्या नळावर बायकांनी तिला गाठलं. दानव्वानं घागर खाली ठेवली.

"दूध विकता, तूप विकता, हुंडा घेऊन पोरगेसुद्धा विकता. मग भाकरीनंच काय पाप केलंय गं?"

घागर भरून वाहायला लागली तरी नळावरची एकही बाई ती हलवेना.

पुढे पत्र्याची शेड झाली, चुली वाढल्या, बायका वाढल्या. दुसऱ्या गल्लीतही एकीनं असाच धंदा काढला होता. तिचा स्वतःचा हात सुरेख, म्हणून ती येता-जाता प्रत्येकीच्या भाकरीला बोट लावायची. हे असं नको, ते तसं कर. बायका टिकल्या नाहीत. दानव्वा बोट कशाला लावणार? "तुझ्या हाताला कळतं, मला काय कळतंय त्यातलं," एवढंच म्हणायची. सकाळी कुणाचा चेहरा उतरलेला दिसला तर काही विचारायची नाही. तिला आपल्या शेजारी पाकिटं भरायला बसवायची, आणि दुपारच्या जेवणापर्यंत ती आपणहून सगळं ओकलेली असायची. मग संध्याकाळी दानव्वा त्या बाईच्या नवऱ्याच्या किंवा दिराच्या दारात. तिथं काय बोलायची देव जाणे, दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर हजर. मला ही बाई आवडते, सरळच सांगतो. शिव्या खाऊनही आवडते.

आता खरी गोष्ट. शेड ठेंगणी होती आणि चुलीत जळायच्या तुराट्या आणि पऱ्हाट्या. धूर वर जायचा, पत्र्याला डोकं आपटून खाली यायचा. बाकीच्या तरण्या होत्या, पण काशव्वाची छाती धरली. आधी सकाळचा खोकला, मग दिवसाचा, मग असा की थापता थापता हात थांबायचा. विजापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, धूर सोडा नाहीतर आशा सोडा. काशव्वा म्हणाली, "घरी बसून काय करू? भिंती थापू?" दानव्वानं तिला चुलीवरून उठवायचा प्रयत्न केला तेव्हा ती दोन दिवस दानव्वाशी बोलली नाही.

तेव्हा दानव्वाला ध्यास लागला उंच छपराच्या शेडचा, प्रत्येक चुलीवर धुराडं असलेल्या. बँकेनं सांगितलं, वर्षभराचं पक्कं काम दाखवा, मग कर्जाचं बोलू. आणि अचानक तसं काम समोर आलं. मुलींचं एक मोठं वसतिगृह होतं, त्याला रोजच्या भाकऱ्या हव्या होत्या. कारभार म्हाताऱ्या गौडरांच्या हातात. गौडरांनी निरोप धाडला, की मी येतो आणि मालकिणीच्या हातची भाकरी बघतो. मालकिणीचाच हात चालत नसेल तर हाताखालच्या बायका काय दिवे लावणार?

शेडमध्ये रडारड व्हायची बाकी होती. मग काशव्वाच म्हणाली, "अगं, एवढं काय? गौडर कट्ट्यावर बसणार. मी आत थापते, तू बाहेर नेऊन दे. तुझ्या लग्नात केलं तसंच."

बायका खदखदा हसल्या. दानव्वा हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

गौडर आले. पांढरं धोतर, हातात काठी. बाहेर कट्ट्यावर बसले, शेजारी चन्नव्वा अडकित्ता घेऊन. मी ज्वारीचं पोतं द्यायच्या निमित्तानं दारात, म्हणजे मला दोन्हीकडचं दिसत होतं. आतून आवाज सुरू झाला. थप थप थप.

गौडरांनी डोळे मिटले. "वा! याला म्हणतात मालकीण. आवाजातच सगळं कळतं."

आत काशव्वा थापत होती. खोकला बाहेर पडू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र लय सोडत नव्हता. दानव्वा दाराआड उभी. बांगड्या वाजवायला हात वर केला आणि तसाच राहिला. मी तिचा चेहरा बघत होतो.

"पुरे," ती म्हणाली.

तिनं काशव्वाचा पिठानं माखलेला हात धरला, तिला उठवलं आणि सरळ कट्ट्यावर आणून उभं केलं.

"गौडर, हात हिचा आहे. माझ्या नुसत्या बांगड्या."

आतून बायकांनी कपाळं बडवल्याचा आवाज आला. काशव्वानं तोंडातला बोळा काढला आणि इतका वेळ दाबलेला खोकला सुटला. थांबता थांबेना.

गौडर लालबुंद. "म्हणजे मला फसवत होता तुम्ही?"

"हो. या आवाजावर मी आधी एक लग्नसुद्धा करून घेतलंय."

"खरं आहे!" चन्नव्वा अडकित्ता हलवत म्हणाली. "फसलेली मीच!"

"मग तुला येतं तरी काय, बाई?"

दानव्वानं काशव्वाला कट्ट्यावर बसवलं. मग बोलली, आणि नेहमीसारखी मोठ्यानं नाही.

"भाकरी येत नाही म्हणून तर हे सगळं उभं राहिलं, गौडर. येत असती तर एका घरापुरती थापली असती, जेवून झोपले असते. येत नव्हती म्हणून हिच्या दारात गेले. माझ्या बहिणीला असंच धुरात ठेवून मी लग्न करून आले, हिला ठेवणार नाही. तुम्हाला आवाज ऐकून ठरवायचंय ना? मग हा खोकला ऐका. तुमच्या पोरींची भाकरी याच्यातून यायला नको, म्हणून मला तुमचं काम हवंय. द्यायचं तर हे ऐकून द्या, नाहीतर चहा घेऊन जा."

गौडर उठले. काठी उचलली, चपला घातल्या. झालं, गेलं काम, मी मनात म्हटलं. पायरीवर ते थांबले आणि चन्नव्वाकडे वळले.

"आजी, खरंच इतकी वाईट थापते?"

"दात शाबूत असतील तर खाऊन बघा."

"आण," गौडर दानव्वाला म्हणाले आणि परत बसले.

दानव्वानं थापली. परातीतच फाटली, तव्यावर टाकताना दुमडली. गौडरांनी शेंगाचटणीबरोबर एक घास घेतला आणि कितीतरी वेळ चावत राहिले.

"ही तेवढी पोरींना देऊ नकोस म्हणजे झालं," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

याला आमच्याकडे होकार म्हणतात. बायकांनी शेडमध्ये जो गलका केला तो माझ्या गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजातूनही ऐकू आला. काशव्वा तेवढी चिडली होती. "तोंडाला कुलूप म्हणून नाही तुझ्या! काम गेलं असतं म्हणजे?"

"गेलं असतं तर तुला घरी बसवलं असतं, भिंती थापत," दानव्वा म्हणाली.

उन्हाळ्यानंतर नवी शेड उभी राहिली. उंच छप्पर, प्रत्येक चुलीवर धुराडं. चुली पेटल्या त्या दिवशी सगळी गल्ली जमली. चन्नव्वाला दोघींनी धरून आणलं होतं. तिनं खुर्चीवरूनच हुकूम सोडला, पहिली भाकरी मालकीण थापणार.

"अत्ती, आजच्या दिवशी तरी नको!"

"थाप म्हणते ना!"

दानव्वानं थापली. एकीकडून जाड, एकीकडून फाटकी, मधे काळी. आमच्याकडे तव्यावरची पहिली भाकरी जनावराची, म्हणून एकजण ती घेऊन म्हशीकडे निघाली. काशव्वानं तिच्या हातातून ती ओढून घेतली.

"म्हशीला कशाला? म्हैस तोंड फिरवते. ही माझी आहे."

आणि तिथंच उभ्यानं खायला लागली. दानव्वा लाजून पाणी पाणी झाली. अख्ख्या जन्मात मी तिला तशी पाहिली नव्हती.

"काशक्का, टाक ती. करपलीय गं."

काशव्वानं घास गिळला आणि वर धुराड्याकडे बघितलं.

"करपलीय खरी," ती म्हणाली. "पण धुराचा वास नाही."