अळणी आत्याचा नवस नव्हता

अळणी आत्याला मार्गासनीत भर पंगतीतून उठवलं. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, दुसऱ्या पंगतीला. मी इंग्रजी तिसरीत होतो त्या वर्षी. इतकं नेमकं सांगतो ते एवढ्यासाठी, की पुढे जो तो 'ती आपणहून उठली' असं सांगू लागला. ती आपणहून उठली नाही. त्या पंगतीत मीठ वाढत होतो तो मी, आणि मी सगळं पाहिलं.

लग्न आत्याच्या थोरल्या दिराच्या मुलीचं. त्या घरात दोघे भाऊ एकत्र. सगळं गाव त्यांना थोरले आणि धाकटे म्हणे. धाकटे म्हणजे आत्याचे यजमान. आम्ही तिच्या माहेरची माणसं. सोयऱ्यांची पोरं वाढायला घेतात, तसा मीही पंगतीत फिरत होतो. पानावर मीठ सर्वांत आधी पडतं. मी आत्याच्या पानावर चिमूट ठेवली आणि तिने ती बोटाने सारवलेल्या जमिनीवर लोटून दिली. मग ओच्यातून फडकं काढलं, त्यातली नाचणीची भाकरी आणि भाजलेला कांदा पानावर मांडला.

शेजारची बाई ओरडली. थोरले धावत आले. धाकट्या भावाची बायको म्हणून तिला ते 'धाकली' म्हणत.

"धाकले, हे काय मांडलंस?"

"भाकर हाय, दादा. डाक्टरनं मीठ बंद केलंय. आळणी खायाला सांगितलंय."

"आळणी? माज्या पोरीच्या मांडवात आळणी? कुणाचं सुतक धरलंयस? नवरा समोर जित्ता बसलाय तुजा!"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या घराण्यात चूल अळणी पेटायची ती एकाच वेळी, घरातलं माणूस गेल्यावर. अळणी पान म्हणजे मरण. सवाष्ण बाईने भर मांडवात असं पान मांडलं, म्हणजे तिने नवऱ्याचं वाईट चिंतलं, असा हिशेब.

आत्याने पदर सावरला, मान वर केली. "जित्ता हाय आन् जित्ता ऱ्हावा," ती म्हणाली. "पर दादा, मला बी जित्तं ऱ्हायचंय."

समोरच्या रांगेत धाकटे पानात बघत बसले. थोरल्यांनी स्वतःच्या हाताने तिचं पान उचललं. ती भाकरी घेऊन उठली आणि गेली कुठे? घरामागे नाही, गोठ्यात नाही. मांडवाच्या तोंडाशी दगड होता, येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा जिथून जात होता, तिथे बसून तिने ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. लपून खाल्ली असती तर कुणी काही बोललं नसतं. लपणं तेवढं तिला जमत नव्हतं.

'अळणी' हे नाव त्या दिवशी पडलं. चिडवायला पडलं. आठ दिवसांत तिनेच ते उचललं. कुणी दारावरून "कोण हाय घरात?" असं विचारलं, तर आतून उत्तर येई, "आळणी हाय! या!"

दुखणं खरं होतं, सोंग नव्हतं. आदल्या भाताच्या लावणीपासून सकाळी तिच्या पापण्या सुजून मिटलेल्या असत. डोकं असं ठणके, की म्हणायची, "कुणीतरी आतून उखळात कांडतंय." भोरात एक तरुण डॉक्टर नवे आले होते. त्यांच्याकडे पाऱ्याचं यंत्र होतं. दंडाला पट्टी गुंडाळून फुगवायची आणि पारा कुठवर चढतो ते बघायचं. आत्या म्हणाली, "मानंला न्हाई लावला तर दंडाला लावला फास." पारा भलताच चढला. मग डॉक्टरांनी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. उकळताच ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठली. डॉक्टरांनी नळी तिच्या डोळ्यांपुढे धरली. त्यांचं हे मला फार आवडतं, त्यांनी तिला अडाणी म्हणून वाटेला लावलं नाही. शरीरात दोन गाळण्या असतात, रक्ताचा दाब वाढला की त्या झिजतात, झिजल्या की दाब आणखी चढतो, हे त्यांनी समजेल असं सांगितलं. मीठ, पापड, लोणचं, सुकट बंद. डाळ बेताची. दुपारी आडवं व्हायचं. "बरं होईल असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण झीज हळू होईल. नाहीतर दोन पावसाळे."

"मग हळू झिजू द्या," आत्या म्हणाली. "माजी काय घाई न्हाई."

लग्नानंतर थोरल्यांनी निकाल दिला: घरात राहायचं तर घरासारखं खायचं. आत्याने एका गाठोड्यात दोन लुगडी बांधली आणि ती भोरला आली. शाळेतल्या मुलांसाठी तिथे एक बोर्डिंग होतं, त्याला स्वयंपाकीण हवी होती. मीही तिथलाच. असा तिच्या हातचा घास चार वर्षं माझ्या वाट्याला आला.

माझी आई तिला भेटायला आली, तेव्हाचं बोलणं मी ऐकलं आहे. आईचा जीव तिच्यासाठी तुटत होता. ती म्हणाली, "वन्सं, एवढं कशाला ताणायचं? देवीचा नवस हाय म्हणून सांगा. आळणी सोमवार बायका धरत्यात का न्हाई? तसं रोजचंच बोललेय म्हणा. थोरलं पाया पडून घरात घेतील."

ती सांगत होती ते खरंच होतं. नवसाचं अळणी चालतं, औषधाचं चालत नाही. देवीसाठी उपाशी मेली तरी बाई पुण्यवान, स्वतःच्या जिवासाठी चिमूटभर मीठ सोडलं की बाई अवलक्षणी. मला त्या वयातही आईची युक्ती पटली होती. आत्याला पटली नाही.

"वयनी, म्या देवीच्या पाठीमागं लपले, तर लोक देवीला हात जोडतील आन् घरी जातील," ती म्हणाली. "उद्या तुमच्या गल्लीत कुणाच्या पापण्या सुजल्या, तर तिला कसं कळायचं, की हे दुखणं हाय आन् ह्याला पथ्य हाय? ती बसंल नवस फेडत."

आईने परातीतला भाजलेला कांदा उचलून हुंगला. म्हणाली, "मग कांद्याला लिंबू तरी पिळा. कसं गिळता हो तसलं?"

"चला, दावते," म्हणून आत्या उठली.

आणि काय दाखवलं तिने! अळणी म्हणजे बेचव, ही समजूत तिने हाताने खोडली. लसूण निखाऱ्यात भाजायची, हिरवी मिरची तव्यावर करपेपर्यंत फिरवायची, दोन्ही कैरीबरोबर वाटायचं. कोकमाचं सार, वर कोथिंबीर. आंबेमोहोराचा भात नुसता वाफाळता घेतला तरी वासानेच अर्धं पोट भरे. डाळीला तिची एक लहानशी वाटी होती, त्या वाटीपलीकडे ती स्वतःला एक दाणा वाढत नसे. "जीभ म्हंजी लाडावलेलं पोर," ती म्हणे. "पंधरा दिस रडतं, मग निवतं."

मुलांचा स्वयंपाक अर्थातच मिठाचा होता. तो ती चाखत नसे, मुठीच्या अंदाजाने घाली. कुणाला कमी-जास्त लागल्याचं आठवत नाही. दिवाळीला मी घरी गेलो, आईने आमटी वाढली आणि पहिल्याच भुरक्याला मी तोंड वाकडं केलं. समुद्राचं पाणी! आई म्हणाली, "भोरात जिबंला काय झालं रे तुज्या?" मला तेव्हा उमगलं. परत येऊन मी थेट चुलीपुढे गेलो.

"आत्या, तू मीठ कमी करत आणलंस. आम्हांला न विचारता. फसवलंस तू."

"व्हय. आठवड्याला चिमूट-चिमूट." तिने भाकरी उलटली. "चार महिनं झालं लेका, एक तरी पोरगं मेलं का? पैल्या दिशी इचारलं असतं, तर समद्यांनी ताटं आपटली असती."

मी तेव्हा तिच्याशी कडाकडा भांडलो. नवस म्हणून खोटं बोलणार नाही म्हणतेस आणि आम्हांला मात्र फसवतेस, हे कसं? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "हे चुकलंच माजं." दुसऱ्या दिवशी पंगतीत उभी राहून तिने सगळ्या मुलांना खरं सांगितलं, आणि प्रत्येकापुढे मिठाची वाटी ठेवली. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं. पहिले दोन दिवस सगळ्यांनी इरेला पेटून घेतलं. नंतर वाट्या तशाच परत जाऊ लागल्या.

बोर्डिंगात एक मास्तर होते, मिठाच्या सत्याग्रहात काठ्या खाल्लेले. त्यांना तिचं हे वेड सहन होईना. "बाई, ज्या मिठासाठी देश तुरुंगात गेला, ते तुम्ही पानातून काढून टाकता?"

"मास्तर, ते मीठ तुमच्या हक्काचं व्हतं म्हणून तुमी भांडला," आत्या म्हणाली. "माज्या पानात काय पडावं, ते बी माज्याच हक्काचं. तुमी त्या सायबाशी भांडला, मला तर घरातल्यांशी भांडावं लागतंय. जास्त अवघड कुणाचं?"

मास्तरांनी त्या दिवशी तिला नमस्कार केला. मी मात्र त्याच आठवड्यात पत्रक लिहायला बसलो. चळवळीतल्या मोठ्या मंडळींकडून मी पत्रकं लिहायला शिकत होतो, त्यामुळे सुरुवात 'हे निद्रिस्त समाजा!' अशी झाली होती. आत्याला अक्षरओळख नव्हती. तिला वाचून दाखवलं.

"निद्रिस्त म्हंजी?"

"झोपलेला."

"मग झोपल्याला कसा वाचंल?" ती हसून हसून खोकली. "असं लिव. सकाळी पापण्या सुजत्यात का, पायावर सूज हाय का, डोकं ठणकतंय का, मग दाब बगून घे. मीठ सोड. घरचं वरडलं तर वरडू दे. झालं."

ते पत्रक तिच्याच शब्दांत छापलं. मी लिहिलेल्यांपैकी तेवढं एकच लोकांनी जपून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

धाकटे बाजाराच्या दिवशी येत. सुरुवातीला भाताची पिशवी दारात ठेवून, दोन शब्द बोलून परत. थोरल्यांपुढे त्यांचं तोंड कधी उघडलं नाही, आणि बायकोपुढे शरमेने उघडेना. पहिलं वर्ष असं गेलं. एका बाजारी पाऊस फार होता, म्हणून ते मागच्या ओसरीवर टेकले. आत्याने त्यांच्यासाठी मुलांच्या भांड्यातली आमटी ओतायला घेतली.

"ती नगं," ते म्हणाले. "तुजं हाय ते वाढ."

"आळणी हाय."

"ठाव हाय मला."

आत्या म्हणाली, "दादांना कळलं तर? म्हणतील, सोताचंच सुतक धरलं धाकट्यानं."

"म्हणू दे," धाकटे म्हणाले आणि भात कालवू लागले. त्यानंतर दर बाजारी ते दोघं त्या ओसरीवर एकत्र जेवले. ती त्यांना लसणाचा गोळा जास्त वाढायची.

डॉक्टरांनी सांगितलेले दोन पावसाळे गेले, तिसरा गेला. चौथ्या वर्षी भादव्यात मात्र सूज पायांवरून वर चढू लागली. तिला आडवं होता येईना, उशांना टेकून बसून राही. त्या पलीकडे डॉक्टरांकडे तेव्हा औषध नव्हतं, हे मी लपवत नाही. पथ्याने तिला अमर केलं नाही. पथ्याने तिला दोन वर्षं जास्त दिली, आणि ती तिने उभ्याने जगली. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, "पत्रकं संपली का? छाप अजून." धाकटे उशाशी होते. त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमी दाब बगून घ्या. लई दिस सांगतेय."

तिला मार्गासनीला नेलं. थोरले रडले, खोटं नाही रडले. पहिल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे त्या घरात अळणी भात शिजला आणि सगळ्यांच्या पानांवर पडला. धाकट्यांनी पानाकडे पाहिलं.

"वयनी, मीठ आणा," ते थोरल्यांच्या बायकोला म्हणाले.

थोरले म्हणाले, "अरं, सुतक हाय."

मी धाकट्यांना त्यापूर्वी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "ती जित्ती व्हती तवा ह्या घरात आळणी चाललं न्हाई, दादा! तिला भाकर घेऊन दगडावर बसवलं तुमी, आन् म्या बगत बसलो! आता ती खायाला न्हाई, तर समदं घर आळणी खातंय? कुणासाठी? आणा मीठ!"

मीठ कुणी आणलं नाही. धाकटे पानावरून उठले. सुतक फिटायच्या आधी, तिसऱ्या दिवशी ते चालत भोरला आले, डॉक्टरांच्या बाकावर बसले आणि बंडीची बाही वर करून दंड पुढे केला. पारा चढलेला निघाला. "आत्ता आलात ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले, "गाळण्या अजून शाबूत आहेत." नळीतली लघवी तापवल्यावरही निर्मळ राहिली.

आज धाकटे स्वतःची चूल स्वतः पेटवतात. उत्रोलीपासून पानशेतच्या खोऱ्यापर्यंत, कुणी धाप लागली, डोकं ठणकलं म्हणाला, की त्याला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे येतात. त्यांच्याबरोबर येणाऱ्यांत पुरुष पुष्कळ असतात. बायका फार थोड्या. बायकांना आणायला घरातल्या कुणाला सवड होत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाच सांगतो, आणि विनंती म्हणून सांगत नाही. तुमच्या घरात जी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तिच्या घोट्यावर आज अंगठा दाबा. खळगा पडला आणि भरून यायला वेळ लागला, तर येत्या बाजारी तिला गाडीत बसवून भोरला आणा. गाडी नसेल तर हात धरून आणा. आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तर तिला एकटीला वेगळं रांधायला लावू नका. घरातल्या सगळ्यांनी त्याच भांड्यातलं खा. पहिला घास तुम्ही घ्या.