अण्णानं पानाला पाणी मारलं नव्हतं

आमचा दत्ताअण्णा आयुष्यभर खोटं बोलला.

काल पहाटे गेला. नव्वदी पार करून, कुणाला त्रास न देता. चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेला.

सकाळपासून नात मला त्याच्या विद्यार्थ्यांच्या पोस्ट वाचून दाखवत्ये. शहापूरच्या शाळेत त्यानं जन्मभर केमिस्ट्री शिकवली, त्यामुळं पोरं लई. आता तीच पोरं रिटायर झाल्यात.

सगळ्यांची आठवण एकच.

"सर वर्गात स्वतःची चूक सांगायचे. रिसर्चच्या तंबाखूवर स्वतःच पाणी मारलं आणि डॉक्टरेट घालवली. किती मोठं मन!"

खाली जोडलेले हात.

मन मोठं होतं. गोष्ट खोटी होती.

पाणी आमच्या आईनं मारलं. तांब्या मी आणून दिला.

मी चौथीत शाळा सोडलेली बाई. फोनसमोर बोलते, नात नीट करून लिहिते. चूकभूल तिची.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, लढाई नुकतीच संपलेली. निपाणीजवळच्या आमच्या गावातनं अण्णा बंगळूरला एका मोठ्या लॅबमध्ये रिसर्च स्टुडंट म्हणून लागला. गावाला वाटलं, औषधाचा डॉक्टर होणार. सुट्टीला आला की बायका खोकणारी पोरं घेऊन दारात.

"आक्का, मी माणसांचा न्हवं, पानाचा डॉक्टर," म्हणायचा.

"मग पानाला खोकला झाला की बोलवतो," असं म्हणून त्या जायच्या.

तंबाखूच्या पानात निकोटीन असतं. एकाच रानातलं पान उन्हात वाळवलं तर ते किती उरतं आणि सावलीत वाळवलं तर किती, हे त्याला मोजायचं होतं. त्यासाठी आमच्याच रानातलं पान घेतलं. उन्हातल्या पेंढ्यांना तांबडा दोरा, सावलीतल्यांना पांढरा. वाळवून माळ्यावर टांगलं आणि काचेच्या बाटल्या मिळवायला बेळगावला गेला. लढाईनंतर बाटल्या पण लवकर मिळत नव्हत्या. त्या मिळेपर्यंत तिकडंच राहिला.

जाताना सांगून गेला, "आई, उंदरांपासनं सांभाळ."

पाण्याचं काही बोलला नाही.

आमच्याकडं कडक वाळलेलं पान तसंच कुणी हलवत नाही. चुरा होतो. आधी पाणी शिंपडायचं, पान मऊ करायचं, मग एकावर एक रचून पोत्यानं झाकायचं. चुरा करणारी बाई गबाळी. हे कुणी कुणाला शिकवत नाही, येतंच. अण्णालाही येत होतं. पण लॅबमध्ये राहून त्याच्या ध्यानातनं गेलं, आणि आईला लॅब ठाऊक नव्हती.

वारं सुटलं तसा माळ्यावरनं चुरा पडायला लागला. आईच्यानं बघवेना.

"पोराचं सोनं मातीत चाललंय. आण गं तांब्या!"

मी पळत आणला.

तिनं बोटांनी हळू शिंपडलं, देवावर शिंपडावं तसं. दोरे सोडले. तांबडं-पांढरं सगळं एकत्र रचलं. वर पोतं, पोत्यावर पाटा.

अण्णा आला. पोत्याखाली हात घातला. ढीग आतनं गरम झालता, वास बदललेला. आता त्यातलं निकोटीन मोजून उपयोग नव्हता, आणि कुठलं उन्हातलं, कुठलं सावलीतलं तेही कळणार नव्हतं.

आई दारात उभी. "मऊ झालंय न्हवं?"

त्यानं पोतं पुन्हा नीट झाकलं.

मग म्हणाला, "व्हय आई. लई मऊ झालंय."

पुन्हा बंगळूरला गेला आणि काही दिवसांत ट्रंक घेऊन परत आला. म्हणाला, मास्तरकी करणार.

"आन् रिसर्च?"

"जमलं न्हाय, आई."

"एवढं पान राखून दिलं तरी?"

अण्णा पाय धुवायला मागच्या दारी गेला.

पुढच्या साली त्याचा लॅबमधला दोस्त आला. बसवराज, धारवाडचा. लई बोलका. आई चुलीपुढं, तो जेवायला बसलेला.

"अव्वा, काय ही भाकरी! आणि काय हा तुमचा मुलगा! तंबाखूच्या गावचा गडी, आणि पानाला पाणी पाजलं यानं! लॅबचे साहेब म्हणाले, गाढवाला पण अक्कल असते. लॅबमध्ये अजून हसतात!"

"कुणी पाजलं?" आईनं विचारलं.

"यानंच की! स्वतः साहेबांना सांगितलं."

"बसू, भाकरी खा," अण्णा म्हणाला.

तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती उलथली नाही.

"पाणी म्या मारलं," ती म्हणाली. "जाऊन सांग तुझ्या सायबाला. ह्याची जागा ह्याला दे म्हणावं."

बसवराजनं घास खाली ठेवला. "अव्वा, साहेब बोटीनं विलायतेला गेले. जागा दुसऱ्याला दिली."

पाहुणा गेल्यावर आईनं अण्णाला धरलं. "माझं नाव का सांगितलं न्हाईस रं? मला काय फाशी देणार होते?"

"मला हसले ते चाललं, आई. तुला हसले असते तर मी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं."

"मग फोडायचं हुतंस. तुझं नाव तरी राहिलं असतं."

मरेपर्यंत आई मला सांगत राहिली, "तो सांगणार न्हाय. तू तरी सांग लोकांना."

मी सांगितलं नाही.

विषय काढला की अण्णा डोळे वटारायचा, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या कुणासमोर माझं तोंड बंद राहत नाही, सगळी भाऊकी साक्षीला आहे. इथंच कसं राहिलं? खरं सांगायचं तर सोयीचं होतं. दोष घ्यायला तो होता. आम्ही मायलेकी गावात चांगल्या राहिलो.

तर पोरांनो, तुमच्या सरांनी ती चूक केली नव्हती. मोठं मन वगैरे राहू दे. चूक तेवढी खोडा.

अण्णा, रागावलास तर रागाव. आईनं सांगितलेलं काम आज केलं, ते पण तू गेल्यावर. तू असताना छाती झाली नाही.

धाकट्या बहिणीचा शेवटचा नमस्कार.